जग बदलणारी प्रीती : अद्भुतरम्य प्रेमकथामालिकांचे आकर्षण आणि मर्यादा

सारांश :
एका जगातून दुसऱ्या जगात जाणाऱ्या नायिकेची गोड, सुखान्त प्रेमकथा हा आंतरजालावरील कथामालिकांचा आज लोकप्रिय असलेला प्रकार आहे. हा प्रकार चिनी जालकादंबरीतून आलेला असला तरी त्यामागील वाचकमानस मराठीला नवे नाही. नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीची प्रस्तावना, शिवामुठीची कहाणी आणि बाणभट्टाची 'कादंबरी' यांच्या आधारे या प्रकाराच्या आकर्षणाची मीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे. तसेच त्याच्या वाङ्मयीन व सामाजिक मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : अद्भुतरम्यता, प्रेमकथा, कथामालिका, स्वप्नरंजन, नावडती, वाचकवर्ग.

१. प्रस्तावना

मराठीच्या प्राध्यापकवर्गात 'विद्यार्थी वाचत नाहीत' ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती पूर्णतः खरी नाही. अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावी महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनी वाचतात, परंतु त्या काय वाचतात याची दखल अभ्यासक्रम घेत नाही. एस.टी.च्या प्रवासात आणि वसतिगृहातील रात्रीच्या मोकळ्या वेळात भ्रमणध्वनीवर वाचल्या जाणाऱ्या प्रेमकथामालिका हे त्यांचे खरे ललित वाचन आहे. बेंगळुरू येथे २०१४ साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या व्यासपीठांमुळे मराठीतही अशा मालिका मोठ्या प्रमाणावर लिहिल्या व वाचल्या जाऊ लागल्या. समीक्षेने मात्र या लेखनाकडे एकतर दुर्लक्ष केले किंवा 'सवंग' या एका शब्दात त्याची बोळवण केली. विशेषण लावल्याने विवेचन होत नाही. एखादा प्रकार इतक्या वाचकांना का आवडतो आणि आवडूनही तो कोठे अपुरा पडतो, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखात 'जग बदलणाऱ्या' प्रेमकथेच्या संदर्भात हे प्रश्न विचारले आहेत.

२. प्रकाराचे स्वरूप

चीनमध्ये हा उपप्रकार 'क्वायच्वान' या नावाने ओळखला जातो. 'झटपट पारगमन' असा त्याचा स्थूल अर्थ सांगता येईल. २००३ साली सुरू झालेल्या 'जिनजियांग' या प्रामुख्याने स्त्रीवाचकांच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी असे लेखन बहरले. पुढे इंग्रजी अनुवादांच्या द्वारे ते भारतीय वाचकांपर्यंत पोहोचले. त्याचा साचा साधारणपणे असा असतो : नायिकेचा अपघाती मृत्यू होतो. 'सिस्टिम' नावाची एक अदृश्य यंत्रणा तिला ताब्यात घेते आणि एकामागून एक निरनिराळ्या कथाविश्वांत पाठवते. कधी राजवाडा, कधी आधुनिक शहर, कधी तारकायुग. प्रत्येक जगात ती कोणा दुर्लक्षित किंवा बदनाम स्त्रीपात्राच्या देहात प्रवेश करते, सोपवलेले काम पार पाडते, गुण मिळवते आणि पुढच्या जगात जाते. तिचा प्रियकर प्रत्येक जगात वेगळ्या नावाने व रूपाने भेटतो. मात्र तो मूळचा एकच जीव असल्याचे वाचकाला लवकरच कळते. या प्रकाराच्या 'गोड' आवृत्तीत विरह अल्पकाळ टिकतो, गैरसमज एखाद्या प्रकरणात मिटतो आणि शेवट नेहमीच सुखाचा असतो.

साचा चिनी असला तरी त्याचे घटक मराठी वाचकाला परके नाहीत. पुनर्जन्म, परकायाप्रवेश, शाप आणि उःशाप यांवर आपले कथावाङ्मय शतकानुशतके पोसले गेले आहे. म्हणून या प्रकाराचा विचार आपल्या परंपरेच्या आधारे करणे शक्य आणि आवश्यक आहे.

३. मराठी पूर्वपीठिका

मराठीत 'नॉव्हेल' या वाङ्मयप्रकाराला आपण ज्या नावाने ओळखतो, ते नावच मुळी जन्मांतरांतून वाहणाऱ्या एका प्रेमकथेचे आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'कादंबरी'त चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता या दोन जोडप्यांची प्रीती एकाहून अधिक जन्मांतून जाते. या कथेचा एक मोठा भाग राजा शूद्रकाच्या दरबारात आणलेल्या पोपटाच्या मुखातून येतो. तो पोपट मागील जन्मी कोण होता आणि शूद्रक स्वतः कोण होता, याचा उलगडा कथेच्या ओघात होतो.

एकोणिसाव्या शतकातील आरंभीच्या मराठी कादंबरीतही अद्भुताला मोठे स्थान मिळाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी सुरू केलेला व विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केलेला अरबी सुरस कथांचा अनुवाद त्याच काळातला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी आरंभकालीन मराठी कादंबरीतील तीन प्रवृत्तींना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन कृतींची नावे दिली. त्यांपैकी 'मुक्तामाला' ही कल्पनारम्यतेची वाट होय. आजच्या कथामालिका याच वाटेवर आहेत.

'मंजुघोषा'ची प्रस्तावना या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडील विवाहाच्या रूढी व अन्य कारणांमुळे लोकांच्या आयुष्यात मनोवेधक असे गुण वा दुर्गुण आढळत नाहीत. रोजचे अनुभव लिहिले तर त्यांत चित्त वेधून घेणारे काही नसते. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहावयाचे तर अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते, असा रिसबूडांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही एक प्रामाणिक कबुली आहे. मुलामुलींची लग्ने कळत्या वयाच्या आधीच होत असतील, तर निवड, प्रतीक्षा, नकार व स्वीकार या प्रेमकथेच्या पायऱ्यांना प्रत्यक्ष जीवनात जागाच उरत नाही. ज्या गोष्टीला या जगात जागा नाही, तिच्यासाठी लेखक दुसरे जग निर्माण करतो. अद्भुतरम्यतेचे हे सामाजिक कारण एका लेखकाने १८६८ सालीच नोंदवून ठेवले आहे.

तथापि रिसबूडांचे म्हणणे अर्धेच खरे होते. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी त्यापूर्वी ११ वर्षे, म्हणजे १८५७ साली प्रसिद्ध झाली होती. हिंदू विधवांच्या स्थितीचे चित्रण करणाऱ्या त्या कृतीने रोजच्या जगण्यातच कादंबरीचे द्रव्य शोधले होते. पुढे १८८४ साली रखमाबाईंवर त्यांच्या पतीने दावा दाखल केला. वयाच्या अकराव्या वर्षी झालेला विवाह मान्य करून नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जाण्याचा अथवा सहा महिने कारावासाचा पर्याय ठेवला, तेव्हा कारावास पत्करण्याची तयारी त्यांनी दर्शवली. ज्या जीवनात चित्तवेधक काही नाही असे रिसबूडांना वाटले, त्याच जीवनातून हा नकार उभा राहिला. म्हणजे द्रव्याची उणीव नव्हती. ते द्रव्य पाहण्याची व त्याची किंमत मोजण्याची तयारी लेखकवर्गात अपुरी होती. आजच्या प्रकाराचे मूल्यमापन करताना हा धागा उपयोगी पडतो.

४. आकर्षणाची कारणे

४.१ नावडतीला न्याय : या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो कथेच्या कडेला टाकलेल्या स्त्रीला मध्यभागी आणतो. मूळ कथेत जी मत्सरी सवत, टाकलेली पत्नी किंवा अपयशी प्रतिस्पर्धी असते, तिच्याच देहात नायिका जाते. त्यामुळे वाचकाला तीच कथा दुसऱ्या बाजूने दिसते. आपल्याकडील शिवामुठीच्या कहाणीची रचना हीच आहे. राजाच्या सुनांपैकी एक नावडती. तिला उष्टे जेवण, जाडेभरडे वस्त्र आणि गुरे राखण्याचे काम. रानात तिला नागकन्या व देवकन्या भेटतात, शिवामुठीचा वसा मिळतो, तिच्यासाठी देऊळ सुवर्णाचे होते आणि अखेरीस ती आवडती होते. श्रावणात ही कहाणी ऐकत वाढलेल्या स्त्रीला कथामालिकेतील नायिकेचे सुख ओळखीचे वाटले, तर त्यात नवल नाही. घरात ज्यांचे मत कोणी विचारत नाही, त्यांना असे कथानक जवळचे वाटते.

४.२ खात्रीचे सुख : गोड कथेत शेवट आधीच ठाऊक असतो. समीक्षक याला दोष मानतात. परंतु ज्या वाचक मुलीला पदवी पूर्ण होईपर्यंत शिकावयास मिळेल की नाही याची खात्री नाही, तिला एका ठिकाणी तरी खात्री हवी असणे समजण्यासारखे आहे. कहाणीही 'सुफळ संपूर्ण' होणार हे ऐकणाराला ठाऊकच असते. तरीही ती दरवर्षी ऐकली जाते. पुनरावृत्तीतील विश्रांती ही साहित्याची एक जुनी सेवा आहे.

४.३ अनेक आयुष्यांची चव : नायिका एका जगात वैद्य, दुसऱ्यात सेनापती, तिसऱ्यात उद्योजक असते. वाचक मुलीच्या भोवतालात स्त्रीच्या भूमिका मोजक्याच असतील, तर अनेक भूमिकांची ही कल्पना केवळ पलायन ठरत नाही. आपण दुसरे कोणी होऊ शकलो असतो, हा विचार मनात येणे हेही पहिले पाऊल असते.

ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८) व 'दौलत' (१९२९) या कादंबऱ्यांनीही मध्यमवर्गीय वाचकाला असेच एक दुसरे जग दाखवले होते. तेथे चमत्कार नव्हते. तरीही सुखवस्तू तरुणतरुणींचे ते विश्व बहुसंख्य वाचकांच्या जगण्यापासून दूरच होते. मराठी समीक्षेने त्यासाठी 'स्वप्नरंजन' हा शब्द वापरला. स्वप्नरंजनाची भूक पिढ्यान्पिढ्या टिकून आहे, तिचे साधन काळानुसार बदलते.

५. मर्यादा

५.१ जगांचे पडदे : नायिका दहा जगांतून जाते, पण त्यांपैकी एकाही जगाला स्वतःचे वजन नसते. तेथे कोण राबतो, धान्य कोठून येते, कोणाला कोणत्या दारातून प्रवेश नाही, हे कळत नाही. राजवाडा आणि अंतराळयान यांत फरक राहतो तो वेशभूषेचा. नाटकातील रंगीत पडद्यांप्रमाणे जगे बदलतात. पडद्यापुढील प्रसंग तोच राहतो. दुसरे जग खऱ्या अर्थाने वेगळे असेल तर त्याने पात्राला काही शिकवले पाहिजे. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक ट्रकच्या अपघातानंतर अशा जगात जातात, जेथे मराठे पानिपतावर विजयी झाले आहेत. तेथे गेल्यावरही ते इतिहासकारच राहतात. ग्रंथालयात जाऊन बखर वाचतात, निर्णायक क्षण शोधतात आणि परतल्यावर बखरीचे फाटलेले पान त्यांच्याजवळ पुरावा म्हणून असते. जग बदलले, पण माणसाचे काम आणि जिज्ञासा त्याच्याबरोबर गेली. कथामालिकेच्या नायिकेबरोबर गुणांखेरीज काही जात नाही.

५.२ ओळखीची हमी : प्रत्येक जगात प्रियकर तोच असतो आणि तो तिला ओळखतो वा ओळखल्याप्रमाणे वागतो. येथे बाणभट्टाची आठवण होते. 'कादंबरी'त वैशंपायन महाश्वेतेपुढे प्रेम व्यक्त करतो. तोच तिचा पुनर्जन्म घेतलेला पुंडरीक आहे हे तिला ठाऊक नसते, म्हणून दिवंगत प्रियकराशी एकनिष्ठ असलेली महाश्वेता त्याला पोपट होण्याचा शाप देते. तिची निष्ठाच तिच्या प्रियकरावर आघात करते. जन्मांतराचा खरा अर्थ येथे कळतो. रूप बदलले की ओळख हरवू शकते, आणि प्रेमाची परीक्षा त्या हरवण्यात असते. मित्राच्या शोकाने चंद्रापीडाचे प्राण जातात आणि कादंबरी त्याचे निश्चेष्ट शरीर जपत वाट पाहते. तेथे पुनर्भेटीचे सुख आहे, परंतु त्याआधी फार मोठे मोल दिलेले आहे. गोड कथामालिकेत ओळखीची हमी दिलेली असल्याने परीक्षेचा प्रश्नच येत नाही. 'सर्व जगांत टिकणारे प्रेम' हे तिचे वचन आहे. पण जे कधी संकटात सापडत नाही, ते टिकले असे म्हणण्यास आधार राहत नाही.

५.३ यंत्रणेची आज्ञा : नायिका बाह्यतः स्वतंत्र व चतुर असते. मात्र ती कोठे जाईल, काय करील आणि तिला किती गुण मिळतील हे 'सिस्टिम' ठरवते. काही अपवाद वगळता नायिका त्या यंत्रणेला प्रश्न विचारीत नाही. परिणामी स्वातंत्र्याची ही कथा आज्ञाधारकतेचीच कथा ठरते. सासरच्या आज्ञा गेल्या आणि त्यांच्या जागी अदृश्य यंत्रणेच्या आज्ञा आल्या. याच्याच जोडीने नायकाचा मालकी हक्क गोड करून मांडला जातो. तिच्यावर पाळत ठेवणे, तिला इतरांशी बोलू न देणे, तिच्या वतीने निर्णय घेणे या गोष्टी प्रेमाच्या खुणा म्हणून येतात. आकर्षक वेष्टनात आलेली ही शिकवण अठरा-वीस वर्षांच्या वाचक मुलीने कशी स्वीकारावी, हा प्रश्न अध्यापकांनी हलका मानू नये.

५.४ व्यवस्थेचे अबाधितत्व : शिवामुठीच्या कहाणीत नावडती आवडती होते. परंतु घरात कोणीतरी नावडती असावी ही रीत कहाणी मोडत नाही. कथामालिकांतही हेच घडते. एका जगातील टाकलेल्या पत्नीला सन्मान मिळतो आणि नायिका निघून जाते. टाकण्याची व्यवस्था मागे तशीच राहते.

५.५ भाषा : मराठीत लिहिल्या जाणाऱ्या अशा अनेक मालिकांची भाषा हिंदी दूरदर्शन मालिका आणि इंग्रजी अनुवाद यांच्या छायेत वाढलेली असते. पात्रे कोणत्याही गावची असली तरी एकाच वळणाने बोलतात. डांगाणातील वाचक मुलीच्या घरात जी बोली आहे, तिला या लेखनात स्थान नसते. हे जग तिच्यासाठी निर्माण केले आहे असे म्हटले जाते, पण त्यात तिच्यासारखे बोलणारे कोणी नसते.

६. मालिकारूपाचा प्रश्न

या मर्यादांचे खापर काही अभ्यासक क्रमशः प्रसिद्धीच्या पद्धतीवर फोडतात. रोज एक भाग द्यावयाचा, वाचकाला पुढील भागासाठी अडकवून ठेवावयाचे, तर खोली कोठून येणार, असा हा युक्तिवाद आहे. तो पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशःच प्रसिद्ध झाली. पत्राचे नावच मनोरंजनाचे होते. वाचकही पुढील अंकाची वाट पाहणारे होते. तरीही यमूच्या निवेदनातून बालविवाह, वैधव्य व केशवपन यांचे जे दर्शन घडले, ते मराठी कादंबरीचे स्थायी धन ठरले. म्हणजे दोष साधनाचा नाही. लेखक वाचकाला कोठे नेऊ इच्छितो, यावर फळ अवलंबून असते.

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो : करमणुकीसाठी लिहिलेल्या लेखनाला इतके कठोर निकष लावणे न्याय्य आहे काय? यावर असे म्हणता येईल की, वरील निकष बाहेरून लादलेले नाहीत. अनेक जगे दाखवू, असे हा प्रकार स्वतःच सांगतो, म्हणून जगे खरी आहेत काय हे विचारावे लागते. प्रेम सर्व परीक्षांतून टिकेल, असे तो सांगतो, म्हणून परीक्षा झाली काय हे पाहावे लागते. दुर्लक्षितेला न्याय देऊ, असे तो सांगतो, म्हणून न्याय तिच्यापुरताच आहे काय हे तपासावे लागते. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांविषयी निबंध लिहिला, तेव्हापासून मराठी समीक्षेने रंजनपर लेखनाचा विचार टाळलेला नाही. आज तो टाळण्याचे कारण नाही.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

महादेव कोळी, ठाकर आणि इतर समाजांतून पहिल्या-दुसऱ्या पिढीने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनींना 'हे वाचू नका' असे सांगण्याने काही साध्य होणार नाही. त्यांचे वाचन चोरटे होईल आणि वर्गातील साहित्य त्यांना अधिकच परके वाटेल. त्याऐवजी त्यांना परिचित असलेल्या मालिकेचा एक भाग, शिवामुठीची कहाणी आणि 'मंजुघोषा'ची प्रस्तावना ही तीन संहिता एकत्र वाचावयास द्याव्यात. नावडती कोण, तिला सुख कोणी दिले, त्यासाठी तिला काय द्यावे लागले आणि तिच्यामागे काय बदलले, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. ज्या विद्यार्थिनीने तीनशे भागांची मालिका वाचली आहे, तिच्याजवळ कथानकाच्या रचनेचे ज्ञान आहेच. त्या ज्ञानाला प्रश्नांची जोड देणे हे अध्यापकाचे कार्य आहे.

या चर्चेत काशीबाई कानिटकर यांची 'पालखीचा गोंडा' (१९२८) ही कादंबरीही घ्यावी. मंदबुद्धी संस्थानिकाशी विवाह झालेली तिची नायिका दुसऱ्या जगात निघून जात नाही. ती राज्याचा कारभार हाती घेते आणि स्त्रियांना न्याय देणारी व्यवस्था उभी करते. हेही कल्पनारम्यच आहे. पण येथे कल्पना घराच्या आणि राज्याच्या रचनेला हात घालते.

८. निष्कर्ष

१) जग बदलणारी प्रेमकथा हा मराठीला सर्वस्वी परका प्रकार नसून, तिचे धागे 'कादंबरी', कहाणी आणि आरंभीची अद्भुतरम्य कादंबरी यांच्याशी जोडता येतात.

२) तिच्या लोकप्रियतेचे मूळ प्रत्यक्ष जीवनातील निवडीच्या अभावात आहे. रिसबूडांनी १८६८ साली दिलेले कारण अनेक वाचक मुलींच्या बाबतीत आजही लागू पडते.

३) दुर्लक्षित स्त्रीपात्राला केंद्रस्थानी आणणे, हे या प्रकाराचे खरे सामर्थ्य आहे.

४) जगांचे पोकळ चित्रण, प्रेमाच्या परीक्षेचा अभाव, यंत्रणेपुढील निमूट शरणागती आणि उसनी भाषा या त्याच्या प्रमुख मर्यादा आहेत. त्यांचे कारण क्रमशः प्रसिद्धीत नसून लेखनदृष्टीत आहे.

मराठीत 'जग बदलणे' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. एक जग सोडून दुसऱ्यात जाणे, आणि आहे त्या जगात बदल घडवणे. गोड प्रेमकथा पहिल्या अर्थाशी थांबते. तेथपर्यंत वाचक मुलीला आणण्याचे काम मात्र तिने केलेले आहे, आणि दुसरा अर्थ वर्गात उलगडता येण्यासारखा आहे. ज्या मुलीचे लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरण्याची शक्यता आहे, तिच्या दृष्टीने या दोन अर्थांतील अंतर केवळ वाङ्मयीन चर्चेचा विषय उरत नाही.